एक लगीन, एक रोल

मामांना वेळ विचारली तर ते घड्याळाकडं बघत नाहीत, मशीनच्या पडद्याकडं बघतात. "चाळीस फूट ऱ्हायलंय. तेवढं संपलं की जेवायचं." विचारणाऱ्याला यातून काही कळो न कळो, मामांना भूक फुटातच लागते.

हे मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. तालुक्याच्या ज्या गावात कलर लॅब आहे तिथं असा एक गृहस्थ असतो. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं काका. कोल्हापूर-सांगलीकडं बहुधा मामाच. लॅबच्या बोर्डावर मालकाचं नाव असतं. अल्बमच्या पेटीवर फोटोग्राफरचं असतं, तेही सोनेरी अक्षरात. कॉम्प्युटरसमोर बसून नवरीचा चेहरा दोन घरं उजळ करणारा पोरगा स्वतःला ऑपरेटर म्हणवतो. मामांच्या कामाला नाव नाही. ते कागद घालतात, बस्स. पण गावातलं कुठलं लग्न आधी छापायचं, कुठल्या फोटोग्राफरला परवा यायला सांगायचं आणि मालकानं दुपारी घरी जाऊन झोपायचं की नाही, हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. त्यामुळं लॅबची खरी सत्ता मामांच्या हातात आहे, आणि ती वापरायला त्यांना बिलकुल संकोच वाटत नाही.

प्रिंटरात कागद घालणं म्हटलं की आपल्याला झेरॉक्सवाल्याचा ट्रे आठवतो. ओढला, गठ्ठा ठेवला, ढकलला. मामांसमोर ही उपमा दिलीत तर तुमच्या फोटोंना उशीर होईल. त्यांचा कागद रोलवर येतो. ४ इंची, ५ इंची, ६ इंची, ८ इंची आणि लग्नाचा म्हणून मानाचा १२ इंची. हा १२ इंची रोल साधारण २७५ फूट लांबीचा. कागदावर रंगाचे थर असतात आणि त्या थरांना उजेड जराही चालत नाही. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात डार्करूममध्ये लाल दिवा तरी होता. माणसाला निदान आपली बोटं दिसायची. रंगीत कागद लाल उजेडालाही भुलतो. म्हणून पूर्ण काळोख. अशा काळोखात काळ्या पिशवीतून रोल काढायचा, मॅगझिन नावाच्या उजेडबंद पेटीत बसवायचा, टोक बरोबर बाहेर काढायचं, झाकण लावायचं आणि मगच दार उघडायचं.

रोल भरणं हे सगळ्यांचं काम नव्हे, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्या जॉर्ज ईस्टमनला मामांनी मानायला हरकत नाही. १८८८ साली त्यानं जो कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. फोटो संपले की गिऱ्हाइकानं अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथं फोटो धुऊन, नवा रोल भरून तो परत यायचा. भरणावळ आणि धुलाई मिळून १० डॉलर. गिऱ्हाइकाला रोलला हात लावू द्यायचा नाही, या एका तत्त्वावर केवढी कंपनी उभी राहिली! ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शाना होता."

मामांची अंधारखोली म्हणजे जिन्याखालची जागा. बाहेर एक लाल बल्ब. तो पेटलेला असला की आत मामा आहेत आणि बाहेर कोणीही असलं तरी त्याला किंमत नाही. आत जाताना ते घड्याळ काढून ठेवतात, कारण त्याचे काटे अंधारात चमकतात. कात्री डाव्या हाताला, खोका उजव्या हाताला, चिकटपट्टी शर्टाच्या खिशावर आधीच तोडून चिकटवलेली. पुढं सगळं बोटांनी. कागदाची चमकदार बाजू कुठली, हे बोटांनी कळलं नाही तर ते कागदाचा कोपरा ओठाला लावतात. ज्या बाजूवर रंगाचा थर असतो ती ओलसर ओठाला किंचित चिकटते. याच एका कारणासाठी मामांनी तंबाखू सोडली. बायकोनं वीस वर्षं सांगून सोडली नव्हती, मालकानं सांगून सोडली नव्हती. एकदा एका रोलच्या सुरवातीला तपकिरी डाग उमटला, त्या दिवशी पुडी गटारात गेली.

एका रोलला मामांना सात मिनिटं लागतात. मालकाशी वाजलं असेल तर वीस. लाल बल्ब पेटलेला असताना दार उघडायची हिंमत मालकालाही नाही, कारण दार उघडणं म्हणजे काही हजारांचा कागद काळा करणं. नोकराला मालकाच्या तावडीतून सुटण्याची इतकी पक्की सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही.

एकदा मालकानं ठरवलं की मामांच्या हाताखाली एक पोरगा तयार करायचा. उद्या मामा आजारी पडले तर? मामांना हा प्रश्नच अपमानास्पद वाटला, पण पोरगा आला. दोन दिवस त्याला उजेडात, जुन्या रिकाम्या गाभ्यावर रद्दी गुंडाळून सराव दिला. तिसऱ्या दिवशी खऱ्या रोलसाठी दोघं आत गेले. दार लागलं, पिशवी उघडली, रोल मामांच्या मांडीवर आला, आणि काळोखात हनुमान चालिसा सुरू झाली. पोराच्या पँटच्या खिशातला मोबाइल. तोवर फार काही बिघडलं नव्हतं. कापडातून कितीसा उजेड येणार? पण पोरगा संस्कारी. मामांना त्रास नको म्हणून फोन बंद करायला त्यानं तो खिशातून बाहेर काढला आणि नंबर नीट दिसावा म्हणून रोलच्या वर धरला.

बाहेर आम्हाला फक्त मामांचा आवाज ऐकू आला. शब्द इथं देता येणार नाहीत. नंतर त्यांनी वरचे तीस फूट कापून टाकले, मग आणखी दहा, तेव्हा कुठं कागद गोरा निघाला. त्या वाया गेलेल्या कागदाचा अठरा इंची तुकडा त्यांनी मुद्दाम मशीनमधून काढला. डेव्हलपरमधून, ब्लीच-फिक्समधून, धुलाईतून, सगळ्या विधीनिशी. बाहेर आला तो कुळकुळीत काळा, चकचकीत. पोराच्या हातात देऊन मामा म्हणाले, "घे. तुझा पयला फोटो." तो फोटो अजून अंधारखोलीच्या दारावर लावलेला आहे. पोरगा आता पतसंस्थेत आहे.

रोल भरला म्हणजे अर्धं काम झालं. मॅगझिन मशीनवर चढवलं की मशीनला सांगावं लागतं की बाई, तुझ्या अंगावर काय चढवलंय. रुंदी किती, कागद ग्लॉसी की मॅट, लांबी किती. इथं मामांचा आणि यंत्रयुगाचा खरा संबंध येतो. मशीन जपानी, लाखोंचं, ३८ अंशांच्या आसपास स्वतःचं पाणी स्वतः तापवून धरणारं. पण रोलवर किती कागद उरलाय हे त्याला दिसत नाही. आपण जो आकडा सांगू त्यातून ते छापलेलं वजा करत बसतं. मॅट कागद चढवून ग्लॉसी सांगितलंत तर ते ग्लॉसीच धरून चालतं, रंग हुकतो, आणि वर तक्रारही करत नाही. "लई इस्वास ठेवती," मामा मशीनबद्दल म्हणतात, "असल्या बाईला फसवू न्हाई."

आणि मग ते तिला फसवतात. रोल २७५ फुटांचा असला की मामा २६५ भरतात. दहा फूट त्यांच्या खासगी खात्यात. प्रत्येक मॅगझिनच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर बॉलपेननं खरा हिशेब: सुरवातीला कापलेला दीड फूट, अडकून फाटलेला दोन फूट, लाइट गेल्यावर आतच शिजून गेलेला पाच फूट. लोडशेडिंगच्या वर्षांत हे शेवटचं कलम फार मोठं होतं. डेव्हलपरमध्ये पाऊण मिनिट राहायचा कागद तासभर तिथंच राहिला की त्याचं काय होतं ते सांगायला नको. पडदा एक सांगतो, पट्टी दुसरंच. मालक पडद्यावर विश्वास ठेवतो आणि तोंडघशी पडतो. पडदा "पेपर संपला" असं जाहीर करतो, मालक फोटोग्राफरला हात जोडून उद्या यायला सांगतो, फोटोग्राफर रडकुंडीला येतो, आणि मग मामा शांतपणे पुढं होतात. दहा फुटात ३६ इंचाची तीन पानं बसतात. ती कुणाला द्यायची हे मामा ठरवतात. गेल्या मोसमात कुणी जेवायला बोलावलं होतं, कुणी नुसतीच पत्रिका टेकवली होती, हे त्यांच्या पट्टीवर लिहिलेलं नसतं, पण असतं.

त्यांचा मुख्य सिद्धान्त मात्र स्वार्थाचा नाही, धंद्याचा आहे. एक लगीन, एक रोल. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान १२ बाय ३६ इंच. म्हणजे एका पानाला ३ फूट. चाळीस पानांचं लग्न १२० फूट. एका रोलमध्ये दोन लग्नं सुखानं होतात, वर पस्तीसेक फूट उरतात. कुठलाही मालक त्या पस्तीस फुटांवर तिसऱ्या लग्नाची पहिली अकरा पानं छापून मोकळा होईल आणि उरलेली नव्या रोलवर घेईल. मामा आडवे पडतात. नवा रोल वेगळ्या बॅचचा निघाला तर त्याचा रंग जुन्यापेक्षा केसभर तरी वेगळा पडतो. मशीनकडून रंगांच्या चौकटींची चाचणी पट्टी काढून घेतली, मशीननं ती वाचून स्वतःला दुरुस्त केलं, तरी मामांच्या डोळ्याला तो केस दिसतो. "हळदीला डाळिंबी असलेला शालू सप्तपदीला मरून झाला तर नवरीच्या आत्तीला काय सांगायचं? मधी बदलला म्हनून?" नवरीच्या आत्तीविषयी त्यांना खोल भीती आहे. कंपनीचे इंजिनियर, मालक, फोटोग्राफर यांना दिसत नाही ते आत्तीला दिसतं असा त्यांचा अनुभव आहे, आणि मला वाटतं तो खरा आहे.

मग उरलेल्या पस्तीस फुटांचं काय? त्यासाठी मामांच्या डोक्यात अख्ख्या गावाच्या सुखदुःखाची मोजपट्टी आहे. साखरपुडा साठ फूट. मुंज तीस; हल्ली कमी झाल्या. बारसं बारा, मुलगा असला तर अठरा, यावर त्यांचं नि माझं एकदा भांडण झालं, पण आकडा त्यांनी ठरवलेला नाही, गावानं ठरवलाय. सेवानिवृत्तीचा समारंभ सहा फूट, त्यातले तीन फूट साहेबांच्या भाषणाचे. लग्नाच्या उरलेल्या शेपटीवर ते कुणाचं बारसं बसवतात, कुणाचा वाढदिवस. रोल शेवटच्या वितीपर्यंत वापरला गेला की त्या दिवशी त्यांचा चेहरा प्रसन्न असतो आणि ते रिकामा गाभा स्वतःच्या हातानं काढतात. काळ्या पिशव्या वाया जात नाहीत. पावसाळ्यात आमच्या गल्लीत ज्या स्कूटरच्या सीटवर जाड काळी पिशवी ओढलेली दिसेल, तिचा मालक मामांच्या मर्जीतला समजावा.

लग्नाला गेल्यावरही माणूस सुटा होत नाही. आम्ही अक्षता टाकतो, मामा स्टेजवरची गर्दी मोजतात. नवऱ्याचे मित्र दुसऱ्यांदा वर चढले की यांचा श्वास अडकतो. एकदा जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून ते पुटपुटले, "अठ्ठेचाळीस पानं व्हनार. जिलबी घिऊ नका, चला." जिलबीचा आणि पानांचा संबंध मला आजवर कळलेला नाही. मी जिलबी घेतली.

लॅबमधल्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली नसते, तिथं रोल असतात. थंडीत कागद टिकतो. पण फ्रिजमधून काढून लगेच उघडला तर त्यावर दव धरतं, म्हणून उद्याचा रोल आज रात्री बाहेर काढून ठेवायचा, हा मामांचा दुसरा नियम. मशीनच्या खोलीत एसी, गिऱ्हाइकाच्या बाकावर पंखा. पाणी मागणाऱ्याला मामा समोरच्या उसाच्या गुऱ्हाळाकडं बोट दाखवतात.

मग मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्यानं ड्राय मशीन आणलं. रसायन नाही, अंधार नाही. शाईच्या बाटल्या आणि इंकजेटचा रोल. दिवसाढवळ्या, पंख्याखाली, बोलत बोलत भरायचा. मामांनी आठ दिवस त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी पोरांनी रोल तिरका बसवला, कागद आत चुरगळला, आणि मामा उठले. दोन्ही बाजूंच्या चकत्या रोलला घट्ट बिलगल्या पाहिजेत, पुढची कड सरळ कापलेली पाहिजे, छापायच्या बाजूला बोट लागता कामा नये, नाहीतर घामाचा ठसा फोटोत वर येतो, हे कुणी न सांगता त्यांनी ओळखलं. आम्ही सगळे बघत होतो. भर दुपारच्या उजेडात मामा रोल भरत होते आणि त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

आकड्यांवरून मात्र खटका उडाला. नवं मशीन शाई टक्क्यात दाखवतं. निळी ४० टक्के, काळी २२ टक्के. सांडलेली शाई साठवायचा एक डबा असतो, तो भरला तरी मशीन थांबतं, त्याचेही टक्केच. मामा चिडले. "टक्क्यात काय कळतंय? दूध काय टक्क्यात घेतूस व्हय रं?"

"घेतो की मामा," मुलगा म्हणाला. "फॅट टक्क्यातच लागते."

मामा दूध डेरीच्या गावचे. ते गप्प बसले. पण दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या अंगावर कागदी चिकटपट्टी दिसू लागली आणि तिच्यावर काळ्या शाईपुढं लिहिलं होतं: "अजून सात बारशी."

पासपोर्ट फोटोसाठी आणखी एक छोटं मशीन आलं. त्यात शाई नाही, रिबन असते: पिवळी, गुलाबी, निळी आणि शेवटी वरून एक पारदर्शक थर. ४ बाय ६ च्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ चेहरे बसतात. हे यंत्र मामांना मनापासून आवडलं, कारण ७०० फोटोंचा कागद आणि ७०० फोटोंची रिबन एकाच खोक्यात जोडीनं येतात आणि जोडीनंच संपतात. "संसार असा पायजे," मामा म्हणाले. "येकानं मागं ऱ्हाऊन हाल काढायचं न्हाईत." मधेच कुणी झाकण उघडून रोल काढला आणि परत घातला की सुरवातीचा कागद कापून टाकावा लागतो आणि जोडीचा हिशेब मोडतो. म्हणून त्या झाकणाला मामांशिवाय कुणी हात लावत नाही.

या रिबनच्या बाबतीत मामांनी जे केलं ते मला त्यांच्या साऱ्या हिशेबांपेक्षा मोठं वाटतं. वापरलेली रिबन उलगडून उजेडाकडं धरली की तिच्यावर छापलेला प्रत्येक चेहरा उलट रंगात दिसतो. वरून रंग गेलेला, पण माणूस ओळखू येईल इतका. गावातल्या बायकांचे, पोलीस भरतीच्या पोरांचे, विधवा पेन्शनच्या अर्जाला लावलेले, सगळे. भंगारवाला ती रिबन किलोवर मागत होता. मालकही तयार होता. मामा दर शनिवारी कात्री घेऊन बसतात आणि तिचे बोटभर तुकडे करतात. "गावाची तोंडं मला इकायची न्हाईत," एवढंच त्यांचं म्हणणं. मालकानं एकदा नुकसानीचा आकडा सांगितला. मामा जिन्याखाली गेले आणि लाल बल्ब पेटला. वीस मिनिटं.

मोठे अल्बम अजून जुन्याच मशीनवर निघतात, त्यामुळं अंधारखोली चालू आहे. येत्या मोसमात तुमच्या घरी कार्य असेल तर एक विनंती. अल्बमच्या पानांचा आकडा फोटोग्राफरला पक्का सांगा, आणि एकदा सांगितल्यावर आत्याबाई रुसल्या म्हणून आणखी पाच पानं वाढवू नका. रोलच्या टोकाला दहा फूट शिल्लक असतात हे आता तुम्हाला माहीत झालंय; पण त्यात तीनच पानं बसतात, आणि मामांना पत्रिका देताना जेवायला यायचा आग्रह केला होता का, हे आधी आठवून बघा.